जस्ताचा पाचवा बंध

"कोणाला सांगितलंस?" स्क्रीनवरची नजर न हटवता चिटणीस सरांनी विचारलं.

"कोणालाच नाही, सर," मृण्मयी म्हणाली.

जस्ताच्या त्या संयुगाचा स्फटिक तिला तीन वर्षांच्या खटपटीनंतर मिळाला होता. क्ष-किरणांनी उलगडलेली त्याची रचना आज समोर होती. या संयुगात जस्ताला चार बंध आहेत, असं सरांनी बावीस वर्षांपूर्वी छापलं होतं. त्याच शोधनिबंधानं त्यांचं नाव झालं होतं. चित्रात मात्र बंध पाच होते. पाचवा पाण्याच्या रेणूशी जुळलेला होता.

शुक्रवारी सर निवृत्त होणार होते. मृण्मयीला ना आनंद झाला होता, ना भीती वाटत होती. सकाळपासून तिला काही जाणवतच नव्हतं.

"नीट तपासलंस?"

"दुसऱ्या स्फटिकातही हेच आलं, सर."

सरांनी चित्र मोठं करून पाचवा बंध पुन्हा एकदा पाहिला. मग म्हणाले, "लिहायला घे. पहिलं नाव तुझं."

"तुमचं नको असेल तर वगळते, सर."

"वगळू नकोस. चूक माझ्या नावानं छापली गेली, दुरुस्तीवरही माझं नाव असू दे."

दुसरं नाव टाइप करताना मृण्मयीची बोटं पहिल्यांदाच अडखळली.