डबल बेल

पहाटेचे पावणेपाच. ड्यूटीच्या खोलीत अजून कुणी आलं नव्हतं, आणि मावशीला तेच हवं होतं. तिने फलकावरच्या कागदाची पहिली टाचणी काढली.

कागदावर तिचा गणवेशातला फोटो होता. खाली साहेबांचं अक्षर: ‘आपल्या डेपोच्या ड्रायव्हर मावशी रविवारी मॅरेथॉन धावणार. बेचाळीस किलोमीटर. सर्वांनी शुभेच्छा द्याव्यात.’ सर्वांनी दिल्या होत्या. दोन आठवडे, येता-जाता. आज त्याच सगळ्यांना तोंड दाखवायचं होतं.

दुसरी टाचणी गंजून बसली होती. ती नखाने उचकटत असतानाच जिन्यावर पाऊल वाजलं. एक पाऊल, मग थांबणं, मग दुसरं. तिने कागद ओढला. एक कोपरा टाचणीखालीच राहिला.

दारात ड्रायव्हर नाना उभे होते, डाव्या गुडघ्यावर हात ठेवून. प्रत्येक गोष्टीत नियम काढायचे म्हणून डेपोत त्यांना सगळे नियमनाना म्हणत. काल शर्यतीत सगळ्यांच्या मागून चालणारी बस त्यांच्याकडे होती. ताशी सात किलोमीटर, तसूभरही कमी-जास्त नाही. बस ज्याला गाठेल त्याने मुकाट्याने आत चढायचं. असल्या कामाला साहेबांनी नियमनानांना निवडलं यात कुणाला नवल वाटलं नव्हतं.

मावशी काल त्याच बसमध्ये चढली होती.

“कागद कुठे चालला?” नानांनी विचारलं.

“घरी.”

“कागद डेपोचा आहे.”

“फोटो माझा आहे.” मावशीने घडी घातली. “आणि काय बोलायचं ते आत्ताच बोलून घ्या, नाना. सगळे आल्यावर नको.”

“मी काय बोलणार?” नाना बाकावर बसले, डावा पाय लांब केला आणि कळवळले.

“काल बोललात तेवढं पुरे, नाही का? अकरा किलोमीटर बेल वाजवत होतात पाठीमागे. टिंग टिंग, टिंग टिंग. आटप बाई, आम्हाला घरी जायचंय. दमलेल्या माणसाच्या मागे बस लावून असं कुणी करतं?”

नानांनी मान वर केली.

“मावशी, तू किती वर्षं बस चालवतेस?”

“एकोणीस.”

“एकोणीस वर्षांत ड्रायव्हरच्या हाताला बेलची दोरी कधी लागली गं?”

दोरी प्रवाशांच्या डोक्यावरून जाते. एकदा ओढली की थांबा, दोनदा ओढली की चला. ड्रायव्हरने फक्त ऐकायचं.

“मग कोण...”

“सगळेच. चोविसाव्या किलोमीटरला चढलेला एक दातांचा डॉक्टर होता, त्याने सुरू केलं. मग त्या दोघी बहिणी. मग काय, रांगच लागली. चढलेल्याने जागेवर बसायचं असा नियम आहे. एक जण बसेल तर शपथ! सगळे पुढच्या काचेला नाक लावून उभे. मला डावीकडचा आरसा दिसेना. दोनदा ओरडलो मी.”

“मग?”

“ऐकतायत कुठले! शेवटी म्हटलं, वाजवायचीच तर नीट वाजवा, तिच्या पावलाला ठेका तरी मिळू दे.” नाना गुडघा चोळत होते. “तू थांबलीस ना, तेव्हा दोरीवरचा हात तसाच वर राहिला होता एकाचा.”

मावशीने हे काही पाहिलं नव्हतं. चढताना तिने तोंडावर टॉवेल घेतला होता आणि शेवटच्या सीटपर्यंत तो खाली केला नव्हता.

“पायाला काय झालं?” तिने विचारलं.

“काय होणार? अकरा किलोमीटर हाफ क्लचवर, डावा पाय अर्धाच दाबून. तू कधी बंपरपासून पाच हातांवर, कधी दहा. गाठलं तुला असं वाटावं, की तू पुन्हा पुढे! रात्री पायाला तेल लावताना बायको विचारते, अहो, धावलं कोण?”

मावशीला हसू आलं. हसतानाही मांड्या दुखल्या.

नानांनी हात पुढे केला. तिने कागद दिला. त्यांनी तो टेबलावर सपाट केला, खिशातलं पेन काढलं, ‘धावणार’ खोडून ‘धावल्या’ केलं. मग ‘बेचाळीस’वर काट मारली आणि वर लिहिलं, ‘पस्तीस’.

मावशी वाकून बघत होती.

“पस्तीस नाही.”

“मग?”

“पस्तिसाची पाटी पाण्याच्या टाकीपाशी होती. मी पेट्रोल पंप ओलांडला होता. टाकी ते पंप चारशे मीटर. माझा रोजचा रूट आहे तो.”

“पंप ओलांडलास, की पंपापाशी थांबलीस?”

“ओलांडला. चाकात हवा भरतात ना, त्याच्याही पुढे.”

नानांनी पेन पुन्हा उघडलं. ‘किलोमीटर’पुढे ‘चारशे मीटर’ लिहिलं आणि प्रत्येक खाडाखोडीशेजारी नियमाप्रमाणे सही केली. मावशीने कागद होता तिथेच लावला, फाटका कोपरा जुळवून. टाचण्या तिने चार लावल्या.

चढताना जिना कसाबसा जमला होता. उतरताना मांड्या मुळीच ऐकेनात. मावशीने कठडा धरला, तोंड पायऱ्यांकडे केलं आणि ती उलटी उतरू लागली. नानांनी वरून क्षणभर पाहिलं, आणि तेही वळले.

“अगं, हे बरं आहे की!”

खाली मेकॅनिकने मान वर केली. “काय हो, आज दोन्ही गाड्या रिव्हर्समध्ये?”

“बाजूला हो,” नाना म्हणाले. “ब्रेकचा भरवसा नाही.”

जिन्याच्या मध्यावर मावशी थांबली. पायरी कुठे आहे ते खाली न बघता कळत नव्हतं, आणि खाली बघवत नव्हतं.

वरच्या पायरीवर नानांनी खिशातून किल्ल्या काढल्या आणि लोखंडी कठड्यावर दोनदा आपटल्या.

टिंग टिंग.

मावशीने पुढचं पाऊल टाकलं.