नकाशातलं खाजण

शाळेने वर्गाला मोबाइलवर एकच नकाशा दिला होता. मुलांनी घरबसल्या मिळून त्यात आपापल्या जुन्या जागा भरायच्या. माझ्या नातीने, प्रांजलने, मी दाखवलं त्या खाडीकाठच्या जागी लिहिलं, ‘आमचं खाजण. आजी इथे चिंबोऱ्या पकडायची.’ करंजाड्याच्या नव्या वस्तीतल्या एका मुलाने पुसून लिहिलं, ‘इथे आमची बिल्डिंग आहे.’ हिने पुन्हा लिहिलं, त्याने पुन्हा पुसलं, हिने तिसऱ्यांदा लिहिलं. मग बाईंचा मेसेज आला, ‘प्रांजल, पुरावा असेल तरच लिही.’ “सांग तुज्या बाईला,” मी कडाडले, “बिल्डिंगीखालच्या चिखलात मी जवानी घातली हाय!” धड वाचता येत नाही, सरकारी शिक्का बघून, सातबाराच समजून ट्रंकेतला कागद तिच्यापुढे टाकला. तिने तो वाचला. “आजी, हा जमीन विकल्याचा कागद आहे. अंगठ्याखाली तुझं नाव.” आजवर जमीन विकल्याचं ते पाप मी मेलेल्या दिराच्या माथी मारलं होतं. “बगतेस काय? पूस नकाशातलं,” मी म्हणाले.