फलाटाने धरलेला ट्रक

गोदामाचा नवा फलाट ट्रकच्या उंचीला आपणहून यायचा आणि मागे येणारी चाकंही स्वतःच धरायचा. तरी ट्रक मागे येत असतानाच सिद्राम हमाल जुन्या सवयीने चाकामागे दगड लावायला वाकलाच. फलाटाने ट्रक त्याच्यापासून हातभर अलीकडेच गच्च धरला.

"मावशी, तुमचं यंत्र अडकलं," ड्रायव्हर ओरडला.

"अडकलं नाही. तुझ्यापेक्षा त्याला जास्त दिसतं," मुकादम भागूबाई म्हणाली. तिने सिद्रामला, आपल्या लेकाला, कॉलर धरून बाहेर ओढलं आणि त्याचे दोन्ही पाय चाचपून पाहिले.

फलाट बनवणारी रेवती धावत आली. वर्षापूर्वी भागूबाईनेच तिला 'तुझं खेळणं घेऊन चालती हो' म्हणून हाकललं होतं.

"याचा बाप असाच चाकाखाली गेला," भागूबाई म्हणाली. "तेव्हा कुठं होतीस गं भवाने? चल, माझ्या डब्यातलं जेव आधी."