खलिफाचा वंशज

खातूनच्या ओढणीतली सुकडी रहिमतुल्लांनी शेजारच्या बकरीपुढे झटकली. बकरीने बघता बघता फडशा पाडला. त्यांची सात वर्षांची लेक खातून बघत राहिली.

"शाळेच्या रांगेत हात पसरतीस? खलिफाचं रक्त हाय आपलं!"

बहात्तरचा दुष्काळ. सोलापुरातला रहिमतुल्लांचा माग दोन महिने बंद होता, चूल कालपासून. घरात धड उरला होता तो भिंतीवरचा शजरा, म्हणजे वंशावळीचा कागद. स्पेनमध्ये कुर्तुब्याला राज्य केलेल्या उमय्या घराण्याची नावं त्यावर ओळीने उतरत होती. शेवटचा खलिफा हिशाम, त्याखाली त्याचा मुलगा आणि त्याखाली थेट रहिमतुल्लांचे आजोबा. मधली नऊशे वर्षं कुठे गेली, हे विचारायची गल्लीत कुणाची छाती नव्हती. पोट रिकामं झालं की माणसाचा तोरा एवढा का वाढतो, देव जाणे.

तेवढ्यात विरुपाक्ष मास्तर आले. ते हायस्कुलात इतिहास शिकवत. हिशाम कसा लढून मेला ते शजऱ्यावर लिहायचं होतं, म्हणून रहिमतुल्लांनीच त्यांना वाचनालयात पुस्तक धुंडाळायला लावलं होतं.

"सांगा मास्तर. तलवार हातात होती का न्हाय?"

मास्तरांनी आधी पोरीच्या तोंडाकडे पाहिलं, मग सांगायला लागले. हिशामला लोकांनी गादीवरून ओढलं आणि मशिदीच्या तळघरात कोंडलं. आत अंधार, थंडी. मांडीवर भुकेली लहान मुलगी. पुढे त्याचं काय करायचं ठरलंय ते सांगायला शेख मंडळी आली, तर खलिफा म्हणाला, "माझं काय करायचं ते करा. आधी हिला रोटीचा तुकडा द्या."

"मिळाली तिला रोटी?" खातूनने विचारलं.

"ते पुस्तकात न्हाय, बाळ." मास्तर रहिमतुल्लांकडे वळले. "शाळेत सुकडी अजून वाटायलेत. पाठवा की हिला."

खातून उंबऱ्यापर्यंत गेलीसुद्धा. रहिमतुल्लांनी शजरा खिळ्यावरून उतरवला, टाक घेतला आणि हिशामचं नाव खोडून काढलं.

"अहो, त्याच्यापासनंच तर तुमचं घराणं!" मास्तर कळवळून म्हणाले.

"मागून खाणारा आपला कुणी न्हाय." रहिमतुल्लांनी पोरीला आत ओढलं. "खातून, पानी पी आन् गप पड."