दगडाखालचा समुद्र

"हे काय गाडून राह्यले तुमी माह्या वांग्यात?"

अनुसयाबाईंनी मातीत खोचलेलं यंत्र उपटून हातात धरलं होतं. मुठीएवढं, खाली अणकुचीदार. त्याची केशरी वायर वांग्याच्या सरींमधून थेट आर्वीच्या रस्त्यापर्यंत गेली होती आणि दर काही पावलांवर तसंच एकेक यंत्र खोचलेलं होतं.

"त्यानं जमिनीतला आवाज ऐकतात, मावशी," सुनीती म्हणाली. ती सर्वेक्षण कंपनीतली भूगर्भतज्ज्ञ. "तुमच्या धुऱ्यावर, या बांधावर, बोअर करायचं, आत लहानसा सुरुंग उडवायचा. हादरा खालच्या थरांवर आपटून वर येतो. त्यावरून खाली काय आहे ते कळतं."

"काय आहे?"

हा प्रश्न सुनीतीला आवडायचा. ती धुऱ्यावर बसली. म्हणाली, हा काळा दगड म्हणजे थिजलेला लाव्हा. त्याच्याखाली कदाचित जुन्या समुद्राचा तळ असेल. कोट्यवधी वर्षांपूर्वी इथली जमीन खचत गेली, खोलगट झाली, पाणी आत शिरलं. त्यातले बारीक जीव मरून गाळात दबले. गाळ साचत गेला तशी जमीन आणखी खचली. खोलवर तो गाळ तापला, की त्या जीवांचं तेल होतं, वायू होतो. मग वरून लाव्हा पसरला, झाकण बसलं.

"पण हा आमचा अंदाज आहे. म्हणून तर तपासायचं."

"अन् तेल निघालं तं?"

"ही नुसती पाहणी आहे, मावशी."

"मी ते नाई इचारलं."

सुनीतीनं संमतीचा कागद पुढे केला. शेजारच्या दौलतरावांनी सकाळीच अंगठा दिला होता. अनुसयाबाईंनी कागद हातात घेतला, उलटा-सुलटा केला. सगळा इंग्रजी.

"वाच. मराठीत सांग. अन् बोट ठेवून वाच."

सुनीती वाचू लागली. पिकाची नुकसानभरपाई, वायर उचलून नेणं, खड्डा बुजवणं. वाचून झाल्यावर तिनं शाईचा डबा उघडला.

"थांब वं. मले अक्षर येत नाई. पन मी काट्यावर भाजी इकतो, आकडे समजते मले. इथं सात आकडे हायेत. पाचव्यावर तुहं बोट थांबलंच नाई."

अकरा गावं झाली होती. कोणीच पाचव्याबद्दल विचारलं नव्हतं. सुनीतीनं बोट पाचव्या आकड्यावर ठेवलं.

"साठा सापडल्यास," तिनं हळू वाचलं, "इथं खोदकाम करायला मालकाची आजच संमती आहे, असं धरलं जाईल."

सुनीतीनं पेन काढलं, पाचव्या कलमावर आडवी रेघ मारली, बाजूला सही केली.

"तुह्या सायबाले हे चालन?"

"नाही."

"मंग काऊन खोडलं?"

सुनीतीनं पेनचं टोपण लावलं. अनुसयाबाईंनी त्या रेघेवरून बोट फिरवलं. मग शाईचा डबा बंद करून परत दिला.

"आंगठा नाई भेटत. सुरुंग तिकडं रस्त्याच्या कडेले लावजो. वायरीतून आयकाचं तेवढं आयक, अन् दिवस बुडाच्या आत काढून ने."

दुपारी रस्त्याकडे बार उडाला. आवाज फारसा झाला नाही. पायाखाली एकच दबका ठोका आला आणि गेला. कंपनीच्या गाडीतल्या पडद्यावर काळ्या रेघा थरथरत उमटल्या. अनुसयाबाई खिडकीशी येऊन उभ्या राहिल्या.

"काय म्हनते?"

"कळायला सहा महिने लागतील."

"तेल असलं, तं पयले कोनाले सांगशीन? मले का तुह्या सायबाले?"

सुनीतीनं पडद्यावरून नजर काढली.

"त्यांना," ती म्हणाली.

"हे खरं बोलली," अनुसयाबाई म्हणाल्या आणि पाणी किती खाली गेलं ते बघायला विहिरीकडे निघाल्या.