काचेपलीकडचा हुंकार
आदिवासी भाषेतल्या गोष्टींचा रेडिओवरचा पहिलाच कार्यक्रम, आणि गोष्ट सांगणाऱ्या आत्याबाई एक वाक्य बोलून तोंडात गुळणी धरून बसल्या. "थांबू नका हो, वेळ संपत आलीय," काचेपलीकडून रेकॉर्डिस्टने तिसऱ्यांदा सांगितलं. "मी कुठे थांबले? तुम्हीच गप्प बसलाय," आत्याबाई म्हणाल्या. रेकॉर्डिस्टशेजारी बसलेली आत्याबाईंची भाची हसली. "आमच्यात ऐकणाऱ्याने 'हं' म्हटल्याशिवाय गोष्ट पुढे सरकत नाही." ती आत जाऊन आत्याच्या पायाशी बसली, दर वाक्याला 'हं' म्हणू लागली, आणि गोष्ट सुसाट निघाली. "तुमचे 'हं' कापून टाकतो," नंतर तो भाचीला म्हणाला. "कापा. जागा मात्र मोकळ्या ठेवा." त्याने तसंच केलं. सगळे गेल्यावर तपासायला त्याने हेडफोन लावला. भाषेतलं ओ की ठो कळत नव्हतं. आत्याबाईंचं वाक्य संपलं, त्या थांबल्या, आणि त्याच्या तोंडून निघालं, "हं."