आखाजीचा झोका

भुरीनं झोक्यावरून पाय खाली टेकवले आणि निंबाखालचं सगळं हलायचं थांबलं.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा सण, सरली होती. भुरीला न्यायला सासरची गाडी येऊन उभी होती, आणि माहेरपणाला आलेल्या लेकींमधली ती शेवटचीच. बाकीच्या मागं वळून बघत बघत गोमाई नदी ओलांडून केव्हाच गेल्या. हलीमासुद्धा गेली. तिच्याच आईनं, बिबीजाननं, झोक्याला विहिरीचा दोर काढून दिला होता.

ही जागा म्हणजे शहाद्याचा नुसता उकिरडा होता. गुजर गल्लीनं इकडून टाकावं, पिंजार गल्लीनं तिकडून. मग दोन्हीकडच्या बायांनी दुपार-दुपार टोपल्या वाहिल्या, काटे काढले, शेणसडा घातला, तेव्हा कुठं निंबाला सावली आहे हे दिसलं. दिसलं म्हणून जागा गिरधर ठेकेदाराच्याही डोळ्यांत भरली. त्यानं नगरपालिकेच्या कमिटीकडून ती लाकडाच्या वखारीसाठी घेतली. आधी निंब तोडायचा, मग कुंपण घालायचं. बायांना विचारतो कोण!

बाया भांडल्या नाहीत. त्यांनी झोका बांधला.

आखाजीला माहेरी आलेल्या लेकीचा झोका ती सासरी जाईपर्यंत कुणी थांबवायचा नाही, ही इकडची रीत. जो थांबवेल त्याची स्वतःची लेक माहेराला मुकते म्हणतात, आणि गिरधरला लेकी होत्या. एक उतरली की दुसरी बसे, ती उतरायच्या आत तिसरी पदर खोचून उभी. ऊन झालं तरी झोका चाले, चांदणं पडलं तरी चाले. गाणी म्हणता म्हणता पोरी झोक्यावरच पेंगत. दोन्ही गल्ल्यांना झोप कुठली आणि जाग कुठली हेच कळेनासं झालं होतं. चूल फुंकताना बायांना भुई हलल्यासारखी वाटे.

पहिल्या दिवशी गिरधर तणतणत आला होता. "हाऊ काय सत्याग्रह मांडेल शे का?"

"नही रे भाऊ," गुजर गल्लीतली कौसाबाई म्हणाली होती. "पोरी झोका खेळी ऱ्हायन्यात."

त्याचा लाकूडतोड्या फुलसिंग रोज कुऱ्हाड घेऊन येई आणि बुंध्यापासून जरा लांब बसून राही. तोडणार तरी कसा? बाया त्याला सांजोरी देत, कैरीचं पन्हं देत. तो मुकाट्यानं खाई आणि वर जाणाऱ्या-येणाऱ्या पायांकडं बघत डुलक्या घेई.

आज मात्र भुरीची गाडी वळणाआड गेली आणि झोका रिकामाच राहिला. फळीवर निंबाचा फुलोरा गळत होता.

"सरनी आखाजी," गिरधर म्हणाला. "आते कोनी लेक ऱ्हायनी नही ना? ऊठ रे फुलसिंग."

फुलसिंग उठला. त्यानं कुऱ्हाडीचं पातं अंगठ्यानं चाचपलं. बिबीजाननं तोंडाला पदर लावला.

कौसाबाईला पुढचं सगळं दिसलं. उद्या इथं कुंपण आणि आत ओंडक्यांच्या राशी. मग बिबीजान भेटायची कुठं? पिंजार गल्लीतली बाई गुजर गल्लीत बसायला येत नसे, आणि इकडची तिकडं जात नसे. दोघींना या जगात एवढी एकच सावली होती. इतके दिवस कौसाबाईनं पोरींना नुसते झोके दिले होते. स्वतः बसली नव्हती. पांढऱ्या कपाळाच्या बाईनं झोक्यावर बसू नये, हे तिला कुणी सांगायला लागलं नव्हतं.

ती सरळ चालत गेली आणि फळीवर बसली.

"मी बसस."

गिरधरला हसूच आलं. "कौसाकाकी, हाऊ लेकीस्ना झोका शे. तू कोनी लेक?"

कुणाची लेक! या गल्लीत कौसाबाई सून झाली, आई झाली, आता सगळ्यांची काकी झाली. लेक म्हणून कुणी विचारलंच नव्हतं. तापीकाठच्या परकाशा गावातलं माहेरचं घर कधीच मोडलं, न्यायलाही कुणी आलं नाही. दोर धरून तिनं डोळे मिटले. तापीच्या पाण्याचा वास आला. घाटाच्या पायऱ्या आल्या, खळं आलं, खळ्यावर पागोटं सोडून बसलेला माणूस आला.

"चुडामण पाटीलनी," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच कोवळा वाटला. "परकाशाना चुडामण पाटील. त्यानी लेक मी."

"परकाशाले आते कोन शे तुन्हं? घर नही, भाऊ नही, आनि म्हने लेक!" गिरधर मागं वळला. "मार रे कुऱ्हाड!"

कुऱ्हाड पडल्याचा आवाज झाला. कौसाबाईनं अंग आखडून घेतलं. पण निंब हलला नाही. तिनं डोळे उघडले, तर कुऱ्हाड धुळीत पडलेली आणि फुलसिंग तिच्यासमोर उभा.

"तू परकाशानी?" तो म्हणाला. "मी बी परकाशाना. मन्हा बाप तुन्हा बापना खळावर राबे."

"कोनी काय बी सांगी!" गिरधर ओरडला. "फुलसिंग, मांगे सर!"

गावची लेक ती घरची लेक. बापाच्या पिढीतली म्हणजे आत्या, फुई. हे फुलसिंगला कुणी शिकवायला नको होतं. त्यानं दोन्ही हात धोतराला पुसले आणि झोक्याच्या मागं जाऊन उभा राहिला.

"शेठ, तुम्हनी कुऱ्हाड तठे पडेल शे," तो म्हणाला. "मन्ही फुई माहेरले उनी शे."

मग त्यानं फळीला हात लावला आणि हळूच म्हणाला, "फुई, दोर घट धर."

कौसाबाईचे पाय भुईवरून सुटले.